आधी नमुना, मग मत

कर्करोगापुढे सगळी माणसं समान असतात. हे वाक्य ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरातल्या एका कॅन्सर क्लिनिकच्या स्वागतकक्षात सोनेरी चौकटीत लावलेलं आहे. त्याच्याखाली बसून मेधाताईंनी पहिला फॉर्म भरला, आणि फॉर्म न वाचताच क्लिनिकनं मला त्यांचा नवरा ठरवलं. मी त्यांना फक्त गाडीनं सोडायला गेलो होतो.

मेधाताई मातीच्या शास्त्रज्ञ. अकोल्यात शिकल्या आणि इथं येऊन जन्मभर शेतकऱ्यांच्या जमिनी तपासल्या. आमची पहिली भेट आमच्या नव्या घराच्या मागच्या अंगणात झाली. आणलेला लाडवांचा डबा त्यांनी माझ्या बायकोच्या, अश्विनीच्या हातात दिला आणि आत यायचं सोडून उकिडव्या बसल्या. चिमूटभर माती तळहातावर घेतली, पाण्यानं भिजवली आणि अंगठ्यानं दाबत तिची पट्टी काढू लागल्या. पट्टी लगेच तुटली.

"बिल्डर काय म्हणाला?"

"चांगली लाल माती आहे म्हणाला."

"भर टाकलीय त्यानं. तुझा कढीपत्ता मरणार. आधी नमुना, मग मत. जमीन कशी आहे ते मालकाला विचारायचं नाही, जमिनीला विचारायचं."

कढीपत्ता मेला. तेव्हापासून मी त्यांचं ऐकत आलो.

हेलन त्यांची बायको. शाळेची बस चालवते. वीस वर्षं दोघी एकत्र होत्या. कायदा झाला तसं रीतसर लग्नही केलं. आमच्या मंडळाच्या गणपतीत मात्र आम्ही सगळे हेलनची ओळख "मेधाताईंची मैत्रीण" अशी करून द्यायचो. त्यात मीही होतो. एकदा ताईंनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि मला शांतपणे विचारलं, "मग अश्विनी तुझी कोण रे, रूममेट?" पुढच्या वर्षी मी ओळख नीट करून दिली. त्यासाठी मला कुठलंही प्रशिक्षण घ्यावं लागलं नाही.

क्लिनिकच्या लोकांनी ते घेतलं होतं. दारावर इंद्रधनुष्याचं स्टिकर होतं, नर्सच्या गळ्यातली पट्टीही त्याच रंगांची. केमो सुरू झाल्यावर ताईंचं गाडी चालवणं बंद झालं. अपॉइंटमेंट सकाळची, आणि सकाळी हेलन पोरांना शाळेत पोचवत असायची, म्हणून मी न्यायचो. बसची फेरी संपली की हेलन पिवळ्या जाकिटातच धावत यायची. नर्स मला म्हणायची, "या ना आत." हेलनला म्हणायची, "फ्रेंड्सनी इथे बसायचं हं, लव्ह."

"ती माझी बायको आहे," ताई सांगायच्या. "हा ड्रायव्हर."

"ओह, नो वरीज!" नर्स मनापासून हसायची. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. एक गोरी बाई, एक सावळी बाई आणि एक सावळा पुरुष आत आले की कोण कुणाचं, हे त्यांना न विचारताच कळत होतं.

सर्जन तर त्याहून पुढे गेला. शस्त्रक्रियेनंतर स्तन पुन्हा घडवायचा की नाही हे ठरवायचं होतं. त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली आणि नवऱ्यांना याबाबतीत साधारण काय वाटतं ते मला समजावू लागला. मी छताकडे बघत राहिलो. ताई म्हणाल्या, "डॉक्टर, याच्याकडून नमुना घेऊन उपयोग नाही. मला नको आहे. हेलनला विचारायचं तर ती बाहेर बसलीय, तुमच्याच माणसांनी बसवलंय."

मी काउंटरवर तीनदा गेलो. सिस्टीममध्ये 'स्पाउस' म्हणून माझं नाव होतं. "एकदा एंटर झालं की वरून बदलावं लागतं," असं मला सांगण्यात आलं. हे 'वर' कुठे होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वरून एकदाच कुणीतरी खाली आलं: सर्वसमावेशकता विभागाच्या बाई. कॉरिडॉरमध्ये पोस्टर लावायचं होतं, त्यासाठी त्यांना दोघींचा फोटो हवा होता. माझी चिडचिड झाली, पण ताई तयार झाल्या. म्हणाल्या, "जाऊ दे. निदान भिंतीवर लागलं तर वाचतील."

पोस्टर लागलं. फोटो सुंदर होता. खाली लिहिलं होतं, 'मेधा आणि तिची केअरर', म्हणजे देखभाल करणारी.

"चला, फ्रेंडवरून प्रमोशन झालं," हेलन म्हणाली. ताई हसल्या नाहीत. परत येताना गाडीत त्या माझ्याकडे वळल्या.

"नितीन," म्हणाल्या, "बाकी सगळं मी सोडलं. एकच सांगते. मी गेले की पहिल्यांदा हेलनला कळलं पाहिजे. फिरून फिरून नाही. तेवढं बघ."

मी दुरुस्तीचा फॉर्म पुन्हा भरला. हेलनचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि सही-शिक्क्याची पोच घेतली. ताईंनी ती पोच पर्समध्ये ठेवली. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईचा कागदावर विश्वास असणारच.

शेवटचे तीन दिवस हेलन क्लिनिकच्या वॉर्डात ताईंच्या खाटेजवळ बसून होती. आता तिला कुणी बाहेर काढत नव्हतं; केअररला बसायची परवानगी असते. चौथ्या दिवशी सकाळी नर्सनंच तिला बळेबळे घरी पाठवलं. अंघोळ करून ये म्हणाली, काही वाटलं तर लगेच फोन करू.

हेलननं दार उघडलं तेव्हा तिचे केस ओले होते आणि फोन हातातच होता. माझ्याकडे बघून तिनं एवढंच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

मला वॉर्डातून फोन आला होता. नर्सचा आवाज फार हळुवार होता. तुमची पत्नी शांतपणे गेली, ती म्हणाली. माझी पत्नी तेव्हा इंडियन ग्रोसरीत माझ्या शेजारी उभी राहून भेंड्यांची टोकं मोडून बघत होती.