फळ्यावर मी खरडलेली अक्षरं

आधीच सांगून टाकतो — या सदरात छापून येणारे बहुतेक अनुभव मला शुद्ध थापा वाटतात. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... मी वाचतो, पण हसायला. आमच्या चुलतभावाने घर बांधताना लिंबू-मिरची, काळी बाहुली, सगळं टांगलं. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब गळला! असो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकला एका बँकेत होतो आणि रविवारी सकाळी नाशिकरोडला, एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या खोलीत, बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना रीझनिंग शिकवायचो. त्या दिवशी लेटर कोडिंग चालू होतं. CAT म्हणजे DBU, तर DOG म्हणजे काय? प्रत्येक अक्षराच्या जागी पुढचं अक्षर ठेवायचं — EPH. इतकं सोपं. तरी अर्धा वर्ग बोटं मोजत होता.

दिलीप नावाचा एक पोरगा होता. दोन्ही हातांत खड्यांच्या अंगठ्या, आणि मार्क मात्र कायम काठावर. तो म्हणाला, "सर, बिनअर्थाचं जगात काहीच नसतं. आपल्याला वाचता येत नाही, एवढंच."

असली वाक्यं कॅलेंडरवर शोभतात. मी म्हटलं, "असं? मग हे वाच." आणि वर्गाकडे तोंड ठेवूनच, फळ्याकडे न बघता, हाताला येतील ती अक्षरं खरडली. मग वळून पाहिलं —

BQQB WJIJS

"लाव अर्थ! याला अर्थ नाही. परीक्षेत असं आलं तर 'माहिती अपुरी' लिहायचं आणि पुढे जायचं."

वर्ग हसला. तेवढ्यात खिडकीजवळची कुसुम उभी राहिली. पिंपळगाव बसवंतची मुलगी, द्राक्षबागाईतदाराची. एसटीने यायची, एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही.

"सर... याचा अर्थ लागतोय."

"काय लागतोय?"

"एकेक अक्षर मागं नेलं की... आप्पा विहीर."

मी पाहिलं. B मागे A, Q मागे P... APPA VIHIR. अगदी बरोबर. आता नऊ अक्षरं अशी जुळून यावीत हा योगायोग मोठाच, पण योगायोगच. मी तसं म्हणालोही. पण तिचा चेहरा पार उतरला होता.

"सर, वडलांना आप्पा म्हणतो आम्ही. आणि आज ते विहिरीत उतरणार होते. पंपात कचरा अडकलाय."

"मग उतरू देत की. शेतकरी विहिरीत नाही उतरणार तर कोण उतरणार?"

"मला फोन करायचाय."

तिचं आप्पांशी बोलणं करून द्यावं आणि हा खुळेपणा सगळ्यांदेखत मिटवावा, म्हणून मी तिच्यासोबत खाली उतरलो. मेडिकलवाल्याच्या फोनवरून ट्रंक कॉल लावला. त्यांच्या मळ्याला लागूनच एका कांदा व्यापाऱ्याचा गाळा होता, तिथे फोन. "आप्पांना वर काढा, आत्ताच्या आत्ता फोनवर बोलवा," एवढं ती कशीबशी म्हणाली. मेडिकलवाला माझ्याकडे बघत होता. मी खांदे उडवले.

बऱ्याच वेळाने उलटा फोन आला. रिसीव्हरमधून आप्पांचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू येत होता.

"काय गं? अर्ध्या कामातून वर बोलवलं! काय झालं?"

"काही नाही आप्पा. तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरली? येडी का खुळी तू! भिजलेल्या कपड्यानी आलो मी हितं."

मी तर खूष. वर गेलो, फळा पुसला आणि दिलीपकडे बघून म्हणालो, "पाहिलंस? आप्पा ठणठणीत आहेत. शिव्या देताहेत."

पुढच्या रविवारी कुसुम वर्ग सुरू होण्याआधीच येऊन बसली होती. मी थट्टेने विचारलं, "काय म्हणतात आप्पा? राग गेला का?"

"सर, आप्पा फोनवरून परत गेले, तर विहिरीची एक बाजू ढासळलेली. ते उभे होते तिथंच सगळे दगड. पंपसुद्धा दिसत नाही."

पुढच्या सुट्टीत पिंपळगावला जाऊन ती विहीर स्वतः पाहून आलो. दगड खरे होते. आप्पाही खरे होते. चहा पाजला, आणि फोनचा विषय काढला की दुसरंच बोलायला लागायचे.

मग सुरू झाला तमाशा. दिलीप माझ्या पाया पडायला लागला. कुणाचा मामा लग्न कधी जमेल विचारायला आला — "सर, नुसती चार अक्षरं लिहा!" पंचवटीतल्या एका बुवांनी तर निरोप पाठवला की माझ्या हातात शक्ती आहे. त्या शक्तिमान हाताने मी नंतर कितीतरी वेळा न बघता अक्षरं खरडून पाहिली. एकदाही साधं 'आई' आलं नाही.

शिकलेले लोक आणखी वाईट. एक प्राध्यापक टेलिपथी म्हणाले. अहो, कुणाची? मी लिहिलं तेव्हा दगड पडलेच नव्हते! आप्पांना स्वतःलाच काही ठाऊक नव्हतं, ते कुणाला काय कळवणार? आणि ती मुलगी घरी वडलांना काय म्हणते हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. खडू माझ्या हातात होता, एवढंच मी खात्रीने सांगू शकतो. थापा मारणाऱ्यांना हसायचा माझा हक्क मी अजून सोडलेला नाही, पण या एका गोष्टीचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

कुसुम पुढे परीक्षा पास झाली, मनमाडला बँकेत लागली. पण तयारीच्या त्या सगळ्या महिन्यांत तिने कोडिंगचे प्रश्न कोरे सोडले. हातचे मार्क घालवते म्हणून मी एकदा चिडलोच. "अगं, तुला तर सगळ्यांच्या आधी उत्तर येतं! मग सोडवत का नाहीस?"

ती पेपरकडेच बघत होती. म्हणाली, "म्हणूनच, सर. पुन्हा आलं तर?"