व्हॅनिटीचं गळकं छप्पर

गाडीत राहणाऱ्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. दार उघडलं की कोणीतरी विचारतंच, "वर चढून काय करताय?" आणि उत्तर देता देता एक किस्सा तयार होतो. एका पावसाळ्यात आमच्याकडे इतके साठले, की लूममध्ये, म्हणजे मी कामाला जाते त्या यंत्रमागाच्या कारखान्यात, कापड तपासायच्या टेबलावर मी सुरू केलं की बायका कात्र्या खाली ठेवतात. हसतात. आता मीही हसते. तेव्हा मात्र हसू येत नव्हतं.

आधी गाडीचं सांगते. ओवीचे पप्पा, म्हणजे आमचे हे, शूटिंगच्या व्हॅनिटीवर, नटनट्यांच्या मेकअपच्या गाडीवर, ड्रायव्हर होते. कामतघरची आमची चाळ धोकादायक म्हणून रिकामी केली, आणि त्याच सुमारास मालकाने जुनी व्हॅनिटी भंगारात काढली. ह्यांनी ती भंगारवाल्याच्या आधी उचलली आणि लूमच्या मागच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली. आत पलंग, छोटा ओटा, संडास आणि भिंतभर आरसा, कडेने बल्ब लावलेला. पहिल्या दिवशी मी त्या आरशात बघून केस विंचरले. दुसऱ्या आठवड्यात आरशाच्या मागून पाणी आलं.

ओवी आमची मुलगी, पाच वर्षांची. तिला दम लागतो. डॉक्टरांनी ओलीचं ऐकलं आणि श्वासाच्या पंपाची चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "हिला ओलीत ठेवू नका." सासूबाई सोबत होत्या. त्या दवाखान्यातूनच ओवीला रिक्षात घालून अंजूरला घेऊन गेल्या. तिथे मोठ्या दिरांचं घर. पोरीपुरती जागा होती, आमच्यापुरती नव्हती. जाताना एवढंच बोलल्या, "गाडी कोरडी कर, मंग पोर ने. तोवर न्हाय."

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

*

पहिल्यांदा मी एकटीच हार्डवेअरच्या दुकानात गेले. फटी बुजवायचं सिलिकॉन द्या म्हटलं. दुकानदाराने विचारलं, कुठे लावायचंय? मी म्हटलं, घराच्या छताला. त्याने बाथरूमवाली नळी काढली. मी म्हटलं, म्हणजे घर गाडीत आहे. त्याने ती आत ठेवून काचवाली काढली. मी म्हटलं, पण गाडी चालत नाही, उभीच असते. तेव्हा त्याने दोन्ही नळ्या आत ठेवल्या आणि म्हणाला, "ताई, घरी नीट ठरवून या."

घरी! तिथेच तर ठरत नव्हतं.

*

शेवटी हे वडपे गावच्या गोडाऊनमधून सिलिकॉनची बंदूक मागून घेऊन आले. व्हॅनिटीचं काम सुटल्यावर ते तिथे टेम्पो चालवायचे. एक उघडीपीचा दिवस बघून आम्ही दोघं वर चढलो. छताला फायबरचे तीन तुकडे, त्यांच्या जोडावर पट्ट्या, पट्ट्यांवर स्क्रू. जोडात जुनं सिलिकॉन होतंच, पिवळं पडलेलं. आम्ही त्याच्यावरच नवीन फासलं. जाड, अगदी केकवर क्रीम लावतात तसं. मी खाली उतरून चार वेळा बघून आले. इतकं छान दिसत होतं, की मी अंजूरला फोन करून ओवीचे कपडे बांधून ठेवायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी वाऱ्याने त्याचं एक टोक सुटलं. ह्यांनी ते धरून ओढलं, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी पट्टी निघून हातात आली. सापाची कात असते तशी.

वडप्याला कंटेनर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. ह्यांनी ती पट्टी त्यांना नेऊन दाखवली. त्यांनी ती उलटी केली, खालची धूळ बोटाने पुसली आणि म्हणाले, "तुम्ही छताला नाही, मातीला चिकटवलंय." जुनं सगळं खरवडायचं, थिनरने पुसायचं, वाळू द्यायचं, मग लावायचं. खरवडायलाच आम्हाला दोन रविवार लागले. माझ्या उजव्या हाताचं कातडं गेलं.

अंजूरला पुन्हा फोन करून बांधलेले कपडे सोडायला सांगितले.

*

गळतंय कुठून हे शोधणं म्हणजे वेगळीच शिक्षा. पाणी शिरतं एकीकडून, पडतं दुसरीकडून. ते रुकसानाभाभीने शोधून काढलं. भाभी माझ्या टेबलावर समोर बसते. लूमचं थान, म्हणजे कापडाचा तागा, तपासताना धागा तुटला, डाग पडला, की त्याला खडूने गोल करायचा, हे आमचं काम. भाभी म्हणाली, "छत को भी थान समझ ना. ऊपर से पानी छोड, मी आतून गोल करते."

मग हे वर पाइप घेऊन, एका जोडावर पाणी सोडून थांबायचे. आत आम्ही दोघी खडू घेऊन माना वर करून. थेंब दिसला की गोल, आणि गोलात नंबर. संध्याकाळपर्यंत एकतीस गोल झाले. भाभीने मान चोळली, सगळ्या छतावरून एकदा नजर फिरवली आणि जसं ती रोज शेठला सांगते तसंच म्हणाली, "ये थान रिजेक्ट है."

मी पलंगावर बसून रडले. भाभी घाबरली. मस्करी केली गं, मस्करी केली, म्हणत तिने स्वतःच्या ओढणीने दोन गोल पुसून टाकले. म्हणाली, घे, एकोणतीस राहिले.

*

पुढची चूक पूर्ण माझी. कापडात काम करणाऱ्या बाईला कुठलीही फट दिसली की कापडच आठवतं. खिडक्यांची रबरं सडून फटी पडल्या होत्या. मी लूममधून चिंध्या आणल्या, सुती, घट्ट विणीच्या. पिळून पिळून फटीत कोंबल्या आणि वरून सिलिकॉन लावलं. काही ठिकाणी चिंधीचं टोक बाहेर राहिलं. राहू दे म्हटलं, दिसतंय कोणाला.

पाऊस आला. आधी जिथे थेंब पडायचे, तिथे आता बारीक धारच लागली. न थांबता. बाहेर पाऊस थांबला तरी आत चालूच. ह्यांनी बॅटरी मारून बाहेरचं टोक बघितलं, आतलं बघितलं, मग देवाच्या फोटोसमोरच्या निरांजनाकडे बघितलं. म्हणाले, "तू वात लावलीस. तेल ओढते तशी पाणी ओढतेय."

बरोबर ओवीच्या उशीच्या बाजूला.

*

मी एकटीच चुकते असं नाही. सगळ्या चिंध्या उपसून ह्यांनी नवीन रबर बसवलं. मग त्यांना खिडकीच्या खालच्या पट्टीला, बाहेरून, बारीक भोकं दिसली. प्रत्येक खिडकीला तीन. "इथून शिरतंय," म्हणाले आणि सगळी भोकं बुजवून टाकली. अशा खुशीत होते, की त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला.

पुढच्या पावसात पाणी पट्टीत भरत गेलं, काठोकाठ आलं आणि आत सांडलं. मिस्त्रींना विचारलं, तर त्यांनी आधी हातातली पकड खाली ठेवली. मग म्हणाले, "अहो, शिरलेलं पाणी बाहेर जायला ठेवलेली भोकं ती. बनवणारा काय येडा होता?"

ह्यांनी सुईने एकेक भोक उघडलं. चहा मात्र पुन्हा केला नाही.

*

ओवी रोज सासूबाईंच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करायची. जेवलीस का, पंप घेतलास का, माझं विचारून व्हायच्या आत तिचं सुरू, "आई, वर दाखव." मग मी फोन छताकडे धरायचे. कॉल यायच्या आधी मी खडूचे गोल पुसून ठेवायचे, आणि ओला डाग असेल तो चुकवून दाखवायचे.

एकदा डाग मधोमधच होता. मी पलंगावर उभी राहिले आणि त्याच्यावर तळहात ठेवला. बघ म्हटलं, कोरडं आहे ना?

तिने बघितलं. म्हणाली, "हो. मग तू हात का काढत नाहीस?"

*

अखेर झालं. पावसाळा संपत आला होता, पण झालं. एकतीसच्या एकतीस जागा खरवडून, पुसून, वाळवून बंद केल्या. छतावर हवा जायला एक झाकण होतं, तिथून सगळ्यात जास्त गळायचं, ते तर कायमचंच बंद करून टाकलं. भाभीने दोनदा पाणी सोडून तपासलं. खडू कोराच राहिला.

सासूबाई ओवीला घेऊन आल्या, पण तिच्या कपड्यांची पिशवी रिक्षातच ठेवली. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. म्हणाल्या, "आधी बघते."

देवाने त्या दिवशी पाऊसही दिला, चांगला जोराचा. आम्ही दार, खिडक्या लावून घेतल्या. मी भात टाकला होता, चहा ठेवला. सासूबाई, हे, भाभी, मी आणि मधे ओवी, पाचजण माना वर करून बसलो. अर्धा तास झाला. वरून एक थेंब नाही. भाभीने माझा हात दाबला. ह्यांनी पिशवी आणायला चप्पल घातली.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या. आतून काचेवर बोट फिरवलं, ते आमच्यासमोर धरलं. बोटावरून पाणी ओघळत होतं. मग मला दिसलं. सगळ्या काचा आतून घामेजल्या होत्या. आरसासुद्धा. पाणी खाली पलंगावर उतरत होतं.

"ह्ये कुठलं?"

ह्यांनी खिडकी बाहेरून बघितली, आतून बघितली. रबर दाबून बघितलं. मग चप्पल काढली आणि हळूच म्हणाले, "आई, ह्ये बाहेरचं न्हाय. आपल्याच श्वासाचं हाय. हवा जायला जागा न्हाय ना, म्हणून."

सासूबाईंनी पदराला बोट पुसलं. त्या चिडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. म्हणाल्या, "मंग काय श्वास घेऊ नये पोरीनं?"

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

ओवीने आधी आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तिने दोन्ही गाल फुगवले, आणि नाक घट्ट दाबून धरलं.