कोर्टाच्या कानात पिपाणी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, जिथे एप्रिल उजाडला तरी तळ्यावरचा बर्फ जागा सोडायला कुरकुरतो, तिथे आर्लिस टव्हेटबाईंनी उभी हयात शाळेची पिवळी बस हाकली. बस कुणासाठी थांबायची नाही. चुकली तर दुसऱ्या दिवशी बाईंसमोर उभं राहून खरं कारण सांगायचं, आणि थाप मारली तर आठवडाभर बाईंच्या पाठीमागची पहिली सीट. गावातली निम्मी पोरं त्या सीटवर बसूनच शहाणी झाली.

बसची नोकरी सुटल्यावर बाईंना एकच नाद उरला, रानटर्की पक्ष्याच्या शिकारीचा. त्यातही बंदुकीपेक्षा पिपाणीचा. लाकडी पिपाणी ओठांना लावून बाई मादीची अशी लाडिक साद घालत की झुडपातला नर पिसारा फुलवून, मान लालबुंद करून, नवरदेवासारखा डुलत पुढ्यात येई. नवरा डेल्मार म्हणे, "मलाही हिने असंच आणलं."

त्या वसंतात एका सकाळी फोन वाजला. पलीकडून एक कोवळा आवाज म्हणाला, मी कोर्टातून बोलतोय, तुम्हाला ज्यूरीत, म्हणजे खटल्याचा निवाडा करणाऱ्या नागरिकांत, बसायला बोलावलं होतं, तुम्ही आला नाहीत.

बाईंचे डोळे चमकले. गावच्या लायब्ररीत नुकतंच सगळ्या म्हाताऱ्यांना बसवून सांगितलं होतं की भामटे हल्ली अगदी हेच बोलतात. ज्यूरी चुकवलीत, आता अटक होणार, नाहीतर पैसे भरा. बाईंनी तिथेच सगळ्यांना बजावलं होतं, माझ्या वाट्याला येऊ दे एखादा, मग बघते.

"थांब हं बाळा, पर्स आणते," बाई गोड आवाजात म्हणाल्या. पर्सऐवजी पिपाणी आणली, छातीभर श्वास घेतला आणि फोनमध्ये अख्ख्या रानाला जाग येईल अशी साद घातली. फोन कट झाला. डेल्मारने टाळ्या वाजवल्या आणि दोघांनी विजयाप्रीत्यर्थ अख्खा अ‍ॅपल पाय संपवला.

शुक्रवारी रिवाजाप्रमाणे तळलेल्या माशांसाठी सारा गाव बारमध्ये जमला होता. शेजारीण व्हर्नाने नवी बातमी आणली. कोर्टातला नवा कारकून बिचारा चार दिवस डाव्या कानाने ऐकत नाही म्हणे. कोणीतरी फोनवर टर्की सोडली त्याच्यावर. टेबल हसून आडवं झालं. डेल्मार तर डोळे पुसत होता. मग त्याला बायकोचा हवेतच थांबलेला काटा दिसला.

घरी फ्रिजच्या दारावर, टर्कीच्या हंगामाच्या कॅलेंडरमागे, त्याच लोहचुंबकाखाली कोर्टाचं बोलावणं गुपचूप बसलं होतं. तारीख? त्या दिवशी बाई ओकच्या खोडाला पाठ टेकून एका आडदांड नराशी गुलुगुलु बोलत होत्या.

डेल्मार रात्रभर युक्त्या सुचवत राहिला. आजारी होते म्हण. टपाल आलंच नाही म्हण. दंड होईल गं, कोठडीतही टाकतील, मग हंगाम गेला की बोंबलत.

"मी थाप मारू? मी?" बाई म्हणाल्या. "आणि तीही कोवाल्केच्या पोरापुढे?"

कोवाल्केचा पोर म्हणजे आता जज्ज. चौथीत असताना, बूट गाईने खाल्ले म्हणून बस चुकली असं सांगून त्याने पहिली सीट कमावली होती.

सोमवारी कोर्ट उघडताच बाईंनी स्वतःच फोन लावला. "मी ती पिपाणीवाली," त्या म्हणाल्या.

पलीकडे खुर्ची मागे सरकली. मग लांबून कारकुनाचा आवाज आला, "बोला. फोन मी हातभर दूर धरलाय."

त्याने दुसऱ्या दिवशी जज्जसाहेबांपुढे यायला सांगितलं. बाई चर्चचा कोट घालून उभ्या राहिल्या.  जज्जने विचारलं, का आला नाहीत? डेल्मारच्या सगळ्या युक्त्या जिभेवर रांग लावून उभ्या होत्या.

"टर्कीच्या मागे गेले होते," बाई म्हणाल्या. "कागद कॅलेंडरखाली गेला, मी विसरले. आणि तुझ्या... तुमच्या माणसाच्या कानात पिपाणी फुंकली ती मीच. पुढची तारीख द्या, येते."

जज्जने चष्मा काढला. "ते बूट गाईने खाल्ले नव्हते, मिसेस टव्हेट."

"ठाऊक आहे मला."

"तळ्यात फेकले होते."

"तेही ठाऊक आहे."

दंड झाला नाही. कारकुनाची माफी मागायची आणि पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. ज्यूरी कुणासाठी थांबत नसते, एवढंच जज्जने बजावलं.

पुढच्या महिन्यात बाई इतक्या लवकर पोचल्या की दार उघडायचं होतं. पर्स तपासताना दारावरच्या शिपायाने पिपाणी काढून स्वतःकडे ठेवून घेतली. बाईंना ज्यूरीत नेमकी पहिली खुर्ची मिळाली. वकिलाने घसा खाकरून बोलायला तोंड उघडलं, तोच बाहेरून एक घुसमटलेली, रडकी साद आली. अख्खं कोर्ट पहिल्या खुर्चीकडे वळलं. कारकुनाने डावा कान झाकला.

"मिसेस टव्हेट?" जज्ज म्हणाले.

बाई ताठ बसल्या. "मी नाही, जज्जसाहेब. इतकं भिकार मी वाजवत नाही."