पत्त्यांवर वाचायला शिकवणारी आमची अक्का

अक्का गेली. आणि मला रडायचाही कंटाळा आलाय.

सकाळी बीबीला, तिच्या सासरच्या गावी, सगळं आटोपलं. आता भाच्याच्या ओसरीत बसून एका बोटानं टाईप करतोय. चुका पोटात घाला.

अक्का माझी थोरली बहीण. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि गोरा साहेब अजून जायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही मेहकरला राहायचो. बाबा कचेरीत कारकून.

मला वाचता यायचं नाही.

दुसरीत दोनदा बसलो. पुस्तक उघडलं की अक्षरं एकमेकांत घुसायची. मास्तरांच्या छड्या मोडल्या, बाबांनी हात टेकले.

अक्काला मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी अमरावतीला जाऊन शिकावं लागतं, एवढं तिनं कुठून तरी ऐकलं होतं. तिची भुणभुण ऐकून बाबा एकदा वैतागले.

"आधी याले वाचता करून दाखव. मग धाडतो तुले अमरावतीले."

ते बोलून मोकळे झाले. तिनं मनावर घेतलं.

कचेरीतल्या फायलींचे टाकून दिलेले पुठ्ठे तिनं कापले. एकेका पत्त्यावर एकेक अक्षर. बाबा कामावर गेले की माजघरात आमचा डाव.

आळीपाळीनं पत्ता टाकायचा. शेजारी शेजारी पडलेल्या पत्त्यांचा शब्द झाला, की तो मोठ्यानं वाचायचा आणि ढिगावर हात मारायचा. ढीग त्याचा. चुकीचं वाचलं तर सगळे पत्ते परत.

मी घाईनं आधीच हात मारायचो. ती मनगट धरायची.

"आधी वाच बे. हात मंग."

ती सारखी हरायची. मला वाटायचं, मीच काय तो हुशार. मुद्दाम हरत होती हे कळायला मला स्वतः मास्तर व्हावं लागलं.

वार्षिक परीक्षा घ्यायला डिप्टी साहेब आले. पुस्तक समोर ठेवलं. मग नकळत पहिला शब्द वाचला आणि टेबलावर हात मारला. दुसरा वाचला, पुन्हा हात. दौत उलटली, पण मी थांबलो नाही. अख्खा धडा तसाच वाचला.

साहेब हसले. कोणी शिकवलं म्हणून विचारलं.

मी छाती फुगवून सांगितलं, अक्कानं, पत्ते खेळून.

पास झालो. मास्तरांनी कौतुकानं ही गोष्ट बाबांना भर बाजारात सांगितली.

बाबा घरी आले ते लाल होऊन. पत्ते चुलीत गेले. अक्कानं फक्त अमरावतीचं विचारलं.

"पत्ते कुटणारी पोरगी मास्तरीण होते काय?" बाबा म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं, बीबीच्या शेतकरी घरात.

मी लहान होतो, विचारलं ते सांगितलं. त्याची टोचणी मला कधी लागली नाही. बाबांचा राग मात्र अजून येतो. ते जाऊन किती वर्षं झाली, तरी येतो. या वयात राग धरून ठेवायचीही दमछाक होते.

पुढं मी धाड गावच्या शाळेत मास्तर झालो. वर्गात अडलेल्या पोरांना तेच पत्ते खेळवले. मोठे साहेब बघायला यायचे, पाठ थोपटायचे. मी मांडले की ती शिकवण्याची पद्धत, आणि पोरीनं मांडले तेव्हा जुगार.

अक्काला हे सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. पोरं वाचतात ना, एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मघाशी भाच्यानं चौकात लावायच्या श्रद्धांजलीच्या बॅनरचा फोटो दाखवला. नावाखाली लिहिलं होतं, गृहिणी.

मी म्हटलं, तिथं शिक्षिका लिही.

त्यानं विचारलं, "मामा, मायनं नोकरी कुठी केली?"

"नाही केली. तरी लिही."

अक्का, तुझ्या पाया पडतो. जा आता निवांत.