तिची कयाक, माझी एसटी

माझ्या लेकीने तो फॉर्म स्वतःच भरून माझ्यासमोर ठेवला. रविवारची सकाळ होती, मी पोळ्या लाटत होते. समुद्रात कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, चालवायची, रात्री किनाऱ्यावर तंबूत राहायचं, दुसऱ्या दिवशी परत. फक्त मुलींसाठी, बारा ते सोळा वर्षांच्या. आमच्या विश्रांतवाडीच्या विहारात येणाऱ्या एका बाईंची मुलगी मागच्या वर्षी जाऊन आली होती, तिच्याकडून हिला कळलं होतं. फॉर्मवर ‘काही आजार असल्यास’ अशी जागा होती. तिथे तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : टाइप वन डायबेटिस. इंजेक्शन मी स्वतः घेते. साखर कमी झाली तर मला कळतं आणि मी सांगते.

ती चौदा वर्षांची. नवव्या वर्षी तिला हा आजार झाल्याचं कळलं. त्यानंतरच्या पाच वर्षांत ती एकही रात्र माझ्याशिवाय राहिली नव्हती. रोज रात्री दोनचा गजर लावून मी उठायचे, तिचं बोट टोचून साखर बघायचे आणि पुन्हा झोपायचे. तिला बहुतेक वेळा जागही यायची नाही.

“नाही,” मी म्हणाले.

“वाचलंस तरी का?”

“वाचलं. नाही.”

तिने वाद घातला नाही. फॉर्म तिथेच ठेवून ती आत गेली. संध्याकाळी नवरा खडकीहून, फॅक्टरीतल्या ओव्हरटाइमवरून आला. त्याने फॉर्म वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “एकदा फोन तर करून बघ. नाही म्हणायला काय, नंतरही म्हणता येईल.”

मी फोन केला तो ट्रिप नेणाऱ्या ताईंना. आवाजावरून तिशीच्या वाटल्या. खरं सांगायचं तर मला आतून वाटत होतं की त्याच नकार देतील. म्हणजे वाईटपणा माझ्याकडे आला नसता. मी मुद्दाम सगळं वाढवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “साखर खाली गेली की ती कशी दिसते?”

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. शाळेनेही नाही. मी म्हणाले, “गप्प होते. ओठ पांढरे पडतात. काही विचारलं तर नुसतं ‘हं’ म्हणते.”

“लिहून घेते,” त्या म्हणाल्या. “ग्लुकोजचे दोन वेगळे डबे द्या. एक तिच्या जॅकेटच्या खिशात राहील, एक माझ्या बोटीत. इन्सुलिन माझ्याकडे थंड पिशवीत. आणि डॉक्टरांना विचारून ठेवा, एवढं वल्हवल्यावर डोस किती कमी करायचा ते.”

आता नाही म्हणायला माझ्याकडे कारणच उरलं नाही.

मी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. कुठे काय बिघडू शकेल याची यादी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्या पंधरा दिवसांत मी मनातल्या मनात अशा किती याद्या केल्या याला हिशेब नाही. शेवटी मी एक गोष्ट केली, जी आजही सांगताना थोडी लाज वाटते. मुली ज्या खाडीतून कयाक नेणार होत्या, तिच्या तोंडाशी असलेल्या गावात एका घरी राहायची सोय होती, तिथे मी एक खोली घेतली. लेकीला सांगितलं की शनिवारी ऑफिसात काम आहे, रात्री मैत्रिणीकडे राहीन.

नवऱ्याला मात्र खरं सांगितलं. तो म्हणाला, “जा. पण मी येणार नाही. आणि तिने पाहिलं तर मला यातलं काही माहीत नव्हतं.”

डिसेंबरातल्या त्या शनिवारी पहाटे मुलींची मिनीबस निघाली. मी हात हलवून निरोप दिला, घरी येऊन पिशवी घेतली आणि दीड तासाने स्वारगेटहून एसटीत बसले. ताम्हिणी घाटात बस वळायला लागली तशी मला स्वतःचीच शरम वाटू लागली. पण उतरले नाही.

मी राहिले त्या घरातल्या काकू साठीच्या. बोलणं कमी, हात सतत कामात. मी कशासाठी आलेय ते त्यांना सांगितल्यावर त्यांनी फक्त विचारलं, “तिला माहीत नाय?” मी मान हलवली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

दुपारी चारच्या सुमारास मी घरासमोरच्या खाडीच्या बांधावर जाऊन उभी राहिले. बारा मुली, दोघी दोघींच्या सहा कयाक, आणि ताई व त्यांची सहकारी यांच्या एकेकटीच्या दोन. एकूण आठ. त्या दूरवर, खाडीच्या पलीकडच्या अंगाने जाताना दिसल्या. पिवळ्या, नारिंगी. कोणत्या कयाकमध्ये माझी मुलगी, ते कळत नव्हतं. सगळ्यांची वल्ही सारखीच वर-खाली होत होती. थोडा वेळ मला फार बरं वाटलं.

मग वारा सुटला. पाणी बघता बघता खडबडीत झालं आणि कयाक एकमेकींपासून फाकायला लागल्या. मी मोजल्या. सात भरल्या. पुन्हा मोजल्या. सातच. ताईंना फोन लावला तर रेंज नाही. तेवढ्यात त्या सगळ्या एका खडकाळ टोकाच्या मागे गेल्या आणि समोर नुसतं पाणी राहिलं.

मी पळत घरी आले आणि काकूंना म्हणाले, “मला पलीकडे जायचंय. कोणाची होडी मिळेल?”

“या वाऱ्यात? आता कोणी होडी काढायचा नाय.”

“एक बोट कमी आहे, काकू. सातच दिसल्या.”

काकू ओटीवर आल्या, डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. “तुम्ही एवढ्या लांबून मोजल्या. दोन जवळ आल्या तर एकच दिसनार. त्या टोकामागं वाळूची पुळण हाय, वारा लागत नाय तिथं. त्या बाईला ठाऊक हाय ती. दरसाल येते ती हितं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बसा. तुम्ही फेऱ्या मारून वारा पडनार नाय.”

मी बसले. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. पाच वर्षांत पहिल्यांदाच असं झालं होतं, की तिच्यासाठी मला काही करता येत नव्हतं. पुण्यात असते तर निदान हे डोळ्यांनी बघावं तरी लागलं नसतं. काकूंनी माझ्यापुढे वालाच्या शेंगांची टोपली सरकवली. मी शेंगा सोलत बसले. अंधार पडला. किती सोलल्या, कशा सोलल्या, काही आठवत नाही.

सात वाजायच्या आत फोन वाजला. ताईंचा मेसेज होता, रेंज मिळवायला त्या खडकावर चढल्या असाव्यात. ‘सगळ्या सुखरूप. वाऱ्यामुळे अलीकडच्या पुळणीवर मुक्काम केला आहे. तुमच्या मुलीची साखर पाण्यात असताना खाली आली होती. तिने स्वतः वेळेवर सांगितलं, ग्लुकोज घेतलं. आता ११२. पिठलं-भात जेवते आहे, दुसऱ्यांदा वाढून घेतलं.’

मी तो मेसेज काकूंना वाचून दाखवला. ‘दुसऱ्यांदा वाढून घेतलं’ हे मी दोनदा वाचलं. काकूंनी कोरा चहा आणून दिला आणि मला रडू दिलं. मग म्हणाल्या, “आता तुम्ही पन जेवा.”

त्या रात्री मी गजर लावलाच नाही. विसरले. दहाच्या आधी आडवी झाले ती थेट उजाडल्यावर उठले. पाच वर्षांत इतकी सलग झोप मला लागली नव्हती. उठल्यावर क्षणभर कुठे आहे तेच कळेना, आणि अंग इतकं हलकं होतं की ते माझं वाटेना.

मी सकाळच्या पहिल्या बसने निघून जाणार होते. पण भरतीचं पाणी गाठून मुली लवकर निघाल्या होत्या, आणि त्या नेमक्या काकूंच्या घरासमोरच्या बांधाला लागल्या. मी पिशवी खांद्याला लावून उभी, आणि दहा पावलांवर माझी लेक, गुडघाभर पाण्यात, कयाक ओढत. नाक उन्हाने लाल, केसांत मीठ. तिने मला पाहिलं. कयाक नीट वर ओढून ठेवली, मगच माझ्याजवळ आली.

“तुमचं ऑफिस इकडे हलवलं का?”

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“बाबांना माहीत आहे?”

“नाही,” मी म्हणाले. तेही खोटंच.

ती बांधावर बसली, मला शेजारी बसवलं आणि काल काय झालं ते सांगू लागली. वारा आला तेव्हा ती पुढे बसली होती आणि मागे तिच्याहून लहान, बारा वर्षांची एक मुलगी होती. वल्हवता वल्हवता हिची जीभ बधिर झाली. साखर उतरतेय, हे तिने ओळखलं. तिने वल्हं सरळ उभं धरलं. थांबा, मदत हवी, अशी ती खूण. ताई आपली कयाक घेऊन लगेच आल्या आणि हिची कयाक स्वतःच्या कयाकला घट्ट धरून ठेवली. हात ओले, बोट टोचणं शक्य नव्हतं, म्हणून हिने न तपासता सरळ ग्लुकोज तोंडात टाकलं. तेव्हाच मला आठाच्या सात दिसल्या होत्या.

“घाबरलीस?” मी विचारलं.

“थोडी. जास्त लाज वाटली. माझ्यामुळे सगळ्या थांबल्या ना. तर मागची मुलगी काय म्हणाली माहितीये? म्हणाली, बरं झालं बाई, माझे हात कधीचे मोडून आलेत, पण सांगायचं कोणी?” ती हसली. “मग ताई म्हणाल्या, आता सगळ्याच अलीकडे उतरू.”

मला एकच विचारायचं होतं. “रात्री दोनला कोण उठलं?”

“मी गजर लावला होता. ताईंनीही लावला होता. दोघी एकदमच उठलो. एकशे एकेचाळीस होती. साखरेच्या वहीत लिहिलंय, बघ हवं तर.”

मी वही बघितली नाही.

ताई लांबून सगळं बघत होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, “मिनीबसमध्ये एक सीट आहे, येताय का आमच्याबरोबर?” मी उत्तर द्यायच्या आधीच लेक म्हणाली, “नको. आई तिच्या बसने येईल.” मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “रागावले नाहीये गं. पण गाडीत आम्ही गाणी म्हणणार आहोत. आणि पुढच्या वेळी भीती वाटली तर सांग. ऑफिस वगैरे नको.”

“बरं,” मी म्हणाले.

काकूंनी सोललेले वाल एका पिशवीत बांधून दिले, मी नको नको म्हणत असताना. एसटी रिकामी होती. मी खिडकीशी बसले, घाट येईपर्यंत बाहेर बघत राहिले आणि मग झोपले.

संध्याकाळी घरी पोचले तर नवरा गॅलरीत मिठाने कडक झालेले कपडे वाळत घालत होता. आत दिवाणावर लेक पालथी झोपलेली, एक पाय खाली लोंबकळत. शेजारी तिची औषधांची पेटी, सुया, वही, सगळं जागच्या जागी.

“जेवली. साखर बघूनच झोपलीय,” नवरा म्हणाला. “आणि मला काही माहीत नव्हतं, हे तिला काही पटलेलं नाही.”

मी तिचा पाय उचलून दिवाणावर ठेवला आणि हात धुवायला गेले.