नगावर ठरवलेले फोन

चाकणला माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गूगलवर आमचं नाव वर आणून देतो म्हणणाऱ्या माणसाचं ऑफिस पिंपळे सौदागरला होतं. त्याला महिन्याला ठरावीक रक्कम हवी होती. मी उडवूनच लावलं. म्हटलं, "आम्हाला कंपन्या पास झालेल्या नगाचे पैसे देतात, नुसतं बसायचे नाही. जेवढे फोन येतील, तेवढ्यांचे घ्या." तो इतक्या पटकन हो म्हणाला, की तिथंच मला शंका यायला हवी होती.

लोक काय शोधत येतील, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, "चाकण, लेथ, जॉब." आमच्या धंद्यात जॉब म्हणजे मशीनवर चढवायचा तुकडा.

मग फोन थांबेनात. "भाऊ, भरती हाय का?" "ओव्हरटाइम मिळंल का?" "राहायची सोय हाय का?" कुणाला काही घडवून घ्यायचं नव्हतं, सगळ्यांना नोकरी हवी होती. आणि त्या भामट्यानं प्रत्येक फोनचं बिल लावलं.

त्याच्या ऑफिसात जाऊन मी टेबलावर हात आपटला. "यात गिऱ्हाईक कुठंय?"

तो हललासुद्धा नाही. "सर, करारात फोन लिहिलंय. गिऱ्हाईक लिहिलेलं नाही."

मी शिवी द्यायला तोंड उघडलं आणि टेबलावरचा हात काढून घेतला. माल नाकारणाऱ्या कंपन्यांच्या प्रत्येक इन्स्पेक्टरला मी आजवर हेच तर ऐकवत आलो होतो, "साहेब, तुम्ही दिलेल्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं."