निळ्या टोपीचं साल

मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवर. बाबा सभेहून आले की खिशातून घडी केलेलं पत्रक काढायचे आणि मी ते मोठ्यानं वाचायचे. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच लिहू लागले. पहिलंच पत्रक आमच्याच लोकांवर होतं. 'दीक्षेनंतरही ज्यांनी सवर्णांच्या वरातीपुढं बाजा वाजवला, त्यांनी आपल्या श्वासानं गुलामीच फुंकली.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. बालाघाटच्या आमच्या वस्त्यांमधून मी ते घरोघर वाटलं. बाबांनाही दिलं.

त्याच हिवाळ्यात बाबांनी पेटीतून आजोबांची टोपी काढून दाखवली. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले. टोपी कडक, निळी, पुढं छज्जा, कडेनं काळपटलेली जरीची दोरी.

"दीक्षेच्या दिवशी नागपूरले हेच घालून गेलते," बाबा म्हणाले. "चळवळीचे सैनिक होते तुहे आजोबा."

आमच्या घरात निळ्या रंगावर कोण शंका घेणार? मी टोपी छातीशी धरली.

यंदा ती विहारात काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं. खालच्या पाटीचा मजकूर माझ्याकडं आला. मला टोपी शिवल्याचं साल हवं होतं.

"अंदाजानं टाक ना वं," बाबा म्हणाले.

"अंदाज म्हणजे खोटंच, बाबा."

मी टोपी पिशवीत घालून बाजारातल्या एका म्हाताऱ्या टेलरकडं नेली. त्यांची सारी उमर गणवेश शिवण्यात गेलेली. त्यांनी टोपी उलटी केली आणि आतली पट्टी सुईनं थोडी उसवली.

"बेटा, ये फौज-वौज की नहीं, बैंड की टोपी है. ये छेद देखो, यहाँ कलगी लगती थी." मग शिवणीवरून नख फिरवलं. "धागा नायलॉन का. मेरी शादी तक तो इधर सूती ही चलता था. तुम्हारी दीक्षा के बहुत बाद की है."

पट्टीखालचं कापड लाल होतं. वरातीतलं असतं तसं भडक लाल. त्यांनी अंगठा ओला करून निळ्यावर घासला आणि माझ्यापुढं धरला. अंगठा निळा झाला होता.

"रंग घर में चढ़ाया है किसी ने. पहनी हुई टोपी पे ऐसा कच्चा रंग कहाँ टिकता?" ते हसले. "बहुरूपिया निकली तुम्हारी टोपी."

मला मोरीतली बादली आठवली. त्या हिवाळ्यात ती किती घासली तरी निळीच राहिली होती. आई ओरडली, तेव्हा बाबा म्हणाले होते, शर्टाचा रंग गेला. त्यांची नखं आठवडाभर निळी होती. मी पाहिलं होतं आणि काहीच विचारलं नव्हतं.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात काचेची पेटी पेपरानं पुसत होते.

"बाबा, टोपी तुम्ही रंगवली?"

"हौ." हात थांबला नाही.

"काहून?"

"तुहं पत्रक वाचलं म्हणून. दोनदा वाचलं." त्यांनी काचेवर फुंकर मारली. "बुढ्यानं लामत्यापासून बैहरपर्यंत लोकाच्या वरातीत क्लॅरिनेट फुंकला, तवा मी मॅट्रिक झालो. त्याले गुलाम म्हणून वाटलं तू घरोघर. मंग मी काय सांगू तुले?"

मी तिथंच पायरीवर बसले. पत्रकात आणखी काय काय लिहिलं होतं, ते एकेक ओळीनं आठवू लागलं.

"पाटीवर खरंच लिहू," मी शेवटी म्हणाले. "बँडवाल्याची टोपी. त्यात लाज कसली?"

"आता नाही का लाज? पत्रक वाटलं तवा होती." त्यांनी पेपराचा बोळा केला. "लिही. पण मी असेतोवर नको."

टोपी त्यांनी पुन्हा घरातल्या जुन्या पेटीच्या तळाशी ठेवली.

विहारातल्या कार्यक्रमाच्या दिवशी काचेची पेटी रिकामीच उभी होती. समितीतल्या एका काकांनी विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "उंदरांनी खाल्ली हो. काहीच नाही राहिलं."

"अरेरे," काका माझ्याकडं वळले. "खरंच का वं?"

बाबा जमिनीकडं पाहत होते.

मी होकारार्थी मान हलवली.